चिखलवाटेसाठी एक्स-रिंग चेन: घरी बसवल्यानंतरचा तीन महिन्यांचा अनुभव

यंदाच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी माझ्या दोनशे सीसीच्या डर्ट बाईकला डीआयडी या जपानी कंपनीची ४२८ मापाची एक्स-रिंग चेन आणि तिच्या जोडीला पुढचे-मागचे दोन्ही नवे स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवरून फिरते ती दातेरी चक्रे, घराच्या पार्किंगमध्ये स्वतः बसवले. त्याला आता तीन महिने झाले असून गाडी या काळात सुमारे २,४०० किलोमीटर चालली आहे, आणि त्यातले निम्म्याहून अधिक अंतर डांबर सोडून आहे. चेन उत्तम आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो. मात्र ती बसवण्यासाठी घेतलेल्या स्वस्त अवजाराबद्दल तसे म्हणता येत नाही, आणि चेनचे आयुष्य ती कोणत्या कंपनीची आहे यापेक्षा ती किती ढिली ठेवली यावर अधिक ठरते, असे माझे या कामानंतरचे मत आहे. म्हणून या परीक्षणात वस्तूइतकेच तिच्या बसवणीबद्दलही लिहावे लागत आहे.

जुनी चेन साधी, म्हणजे रबरी रिंग नसलेली होती. अंजनेरीकडे चढताना गाडीला जोर दिला की मागच्या स्प्रॉकेटवरून एखादी कडी उडी मारल्यासारखी सरकत असे आणि पायाखाली ‘कटक’ असा आवाज येत असे. सुरुवातीला मी चेन ताणून घेतली, आठवडाभराने पुन्हा ताणली, आणि तिसऱ्यांदा ताणायची वेळ आली तेव्हा मोजमाप करायचे ठरवले. ४२८ या आकड्यातला पहिला ४ हा चेनचा पिच सांगतो. एक अष्टमांश इंचाचे चार भाग, म्हणजे अर्धा इंच किंवा १२.७ मिलिमीटर, हे लगतच्या दोन पिनांमधले अंतर होय. त्या हिशेबाने पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत, म्हणजे वीस कड्यांना, नव्या चेनमध्ये २५४ मिलिमीटर भरले पाहिजेत. माझ्या चेनचा खालचा भाग ताणून स्टीलची पट्टी लावली तेव्हा २६० मिलिमीटर भरले. साधारणपणे दोन टक्के वाढ, म्हणजे सुमारे २५९ मिलिमीटर, ही चेन काढून टाकण्याची मर्यादा मानली जाते. पट्टी हाताशी नसली तरी मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागे ओढून पाहावी. ती दातांवरून चांगलीच उचलली जाऊन खाली अर्धा दात उघडा दिसू लागला, तर तिचे दिवस भरले आहेत.

नाशिकच्या आसपास चेन लवकर का जाते, हे आपल्या मातीकडे पाहिले की कळते. मखमलाबादच्या बाजूला द्राक्षबागांमधल्या रस्त्यांवर काळी माती आहे, जी ओली असताना मेणासारखी चिकटते आणि वाळल्यावर दगडासारखी होते. त्र्यंबक, हरसूल आणि इगतपुरीकडे तांबडी माती आणि मुरूम आहे, आणि त्याची बारीक कच तेलात मिसळली की तिचे चक्क पॉलिशपेपरचे काम सुरू होते. साध्या चेनमध्ये ही कच पिन आणि बुश (पिनभोवतीची बारीक नळी) यांच्या सांध्यात सरळ शिरते. चेन ‘लांबते’ म्हणजे पोलाद ताणले जाते असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश किंचित झिजते आणि शंभरावर सांध्यांची ती झीज एकत्र होऊन चेन लांब भरते. एक्स-रिंग चेनमध्ये आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मध्ये प्रत्येक पिनवर रबरी रिंग असते. कारखान्यात भरलेले ग्रीस ती आत कोंडून ठेवते आणि पाणी व कच बाहेर अडवते. ओ-रिंगचा छेद गोल असतो आणि एक्स-रिंगचा फुलीसारखा असतो, त्यामुळे दाब कमी लागतो आणि घर्षणही कमी होते. मोटोक्रॉसच्या शर्यतीत वजन आणि घर्षण वाचवण्यासाठी बिनरिंगची चेन वापरतात आणि ती वरचेवर बदलतात. आपल्यासारख्या रविवारी घाट आणि सोमवारी कार्यालय गाठणाऱ्यांना तो हिशेब परवडणारा नाही.

चेन मला ३,४०० रुपयांना पडली, साध्या चेनच्या दुपटीहून अधिक. शहरातल्या ज्या दुकानातून ती घेतली तिथल्या गृहस्थांनी जुने स्प्रॉकेट हातात घेऊन, ‘भाऊ, सॉकेट (म्हणजे स्प्रॉकेट) चांगलं आहे, नुसती चेन टाका, पैसे वाचतील,’ असा सल्ला दिला. तो आपुलकीने दिलेला असला तरी मी मानला नाही. स्प्रॉकेट उजेडात धरल्यावर दातांची एक बाजू आत खाल्ली गेल्याचे आणि टोके एकाच दिशेला आकड्यासारखी वळल्याचे स्पष्ट दिसत होते. झिजलेल्या दातांचे अंतर लांबलेल्या चेनशी जुळलेले असते. त्यांवर अचूक पिचची नवी चेन चढवली की सगळा भार दोन-तीन दातांवरच येतो आणि नवी चेन जुनीच्या मार्गाने जाते. पुढचे, मागचे आणि चेन हे तिन्ही एकत्रच बदलावे, यात काटकसर करू नये.

पुढे तेरा दातांऐवजी बारा दातांचे स्प्रॉकेट घ्यावे, म्हणजे चढाला जोर वाढेल, असाही विचार मनात आला होता. मागे चाळीस दात असताना गुणोत्तर ३.०८ वरून ३.३३ वर जाते, म्हणजे ओढ सुमारे आठ टक्क्यांनी वाढते. परंतु स्प्रॉकेट जितके लहान तितके चेनला अधिक वळावे लागते आणि चिमट्यावरची, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरची, रबरी पट्टीही लवकर घासते, म्हणून मूळचे तेराच ठेवले.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. पुढच्या स्प्रॉकेटचे दोन बोल्ट आणि मागच्या स्प्रॉकेटचे नट हे जुनी चेन गाडीवर असतानाच सैल करून घ्यावेत. गाडी गिअरमध्ये टाकून कोणी मागचा ब्रेक दाबून धरला की स्प्रॉकेट फिरत नाही आणि पाना सहज बसतो. एकदा चेन काढली की तेच बोल्ट सोडवताना घाम निघतो. पुढच्या स्प्रॉकेटचे झाकण उघडले तेव्हा आत स्प्रॉकेट दिसतच नव्हते. तेल, माती आणि पाणी यांची काळी, घट्ट, खरवस थापल्यासारखी वडी बसली होती आणि तिच्यात द्राक्षाच्या वेलीची बोटभर काडी रुतलेली होती. ती वडी स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढल्यावर शाफ्टच्या सीलभोवतीची जागा कोरड्या फडक्याने पुसून तेल गळत नाही ना, ते पाहिले. हे झाकण वर्षातून दोनदा तरी उघडावे, कारण आत साचलेली ही माती चेनला रोज घासत असते आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही.

जुनी चेन तोडायला आणि नवी लांबीला कापायला मी ७०० रुपयांचे एक चेन ब्रेकर मागवले होते. त्याच्या कंपनीचे नाव इथे देत नाही, कारण या किमतीला त्याच घडणीची अवजारे निरनिराळ्या नावांनी विकली जातात. पाना फिरवून त्याची टोकदार पिन चेनच्या पिनवर दाबायची आणि ती दुसऱ्या बाजूने बाहेर काढायची, एवढेच त्याचे काम. पहिल्याच कडीला तीन आटे फिरवल्यावर ‘टक्’ असा कोरडा आवाज झाला. चेनची पिन हलली असे वाटून मी खाली वाकलो, तर अवजाराचीच पिन मधोमध तुटून तिचे टोक चेनमध्ये अडकून बसले होते. शेजारी राहणारे काका सातपूरच्या कारखान्यांत फिटर म्हणून उभी हयात घालवून निवृत्त झाले आहेत. त्यांनी ते टोक पकडीने उपटून हातावर घेतले, त्यावर कानस फिरवून पाहिली आणि म्हणाले, ‘अरे, कानस धरतेय म्हणजे याला नीट पाणीच दिलेलं नाही. आणि डोकं न घासता दाबलंस, तर चांगली पिनसुद्धा टिकणार नाही.’

काकांच्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पाणी देणे म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कडक करणे; तसे नीट केलेल्या पिनवर कानस नुसती घसरते. चेनच्या पिनची टोके कारखान्यात ठोकून फुलवलेली असतात. ते फुललेले डोके ग्राइंडरने पट्टीच्या पातळीला घासून टाकले की पिन अगदी थोड्या जोराने निघते. न घासता रेटले तर सगळा जोर अवजाराच्या बारीक पिनवर येतो. त्यांच्या ग्राइंडरने दोन डोकी घासायला दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. त्याआधी त्यांनी पेट्रोलच्या टाकीवर आणि टायरवर ओले पोते टाकायला लावले आणि मला चष्मा दिला. ठिणग्या उडत असताना या दोन गोष्टींना पर्याय नाही. उरलेले काम त्यांच्या जुन्या, जड चेन ब्रेकरने केले. ज्याला हे काम घरी करायचे आहे त्याने ७०० रुपयांच्या अवजारावर पैसे घालवण्यापेक्षा बदली पिना सुट्या मिळतात असे दणकट अवजार घ्यावे किंवा मित्रांमध्ये मिळून एक घ्यावे.

नवी चेन १३६ कड्यांची आली होती आणि मला १३२ लागत होत्या. इथे घाई करू नये. चेन दोन्ही स्प्रॉकेटवरून घालून, मागचा एक्सल जवळजवळ पुढच्या टोकाला ठेवून, कोणत्या कडीवर कापायचे तिथे खडूची खूण करावी आणि मगच जुन्या चेनच्या कड्या मोजून ताळा घ्यावा. नेहमीच्या जोडकडीसाठी एकूण कड्या सम संख्येतच हव्यात, आणि कापलेल्या चेनच्या दोन्ही टोकांना आतली, म्हणजे अरुंद कडी यायला हवी. एकदा जास्त कापली की चेन फुकट गेली.

जोडकडीला आपल्याकडे सर्रास ‘चेन लॉक’ म्हणतात. माझ्या चेनसोबत क्लिपचा लॉक, चार सुट्या एक्स-रिंग आणि ग्रीसची छोटी पुडी होती. दोन रिंग पिनांवर आतल्या बाजूला, दोन बाहेरच्या पट्टीआधी, आणि चारही ठिकाणी ग्रीस, हा क्रम चुकला तर तो एकच सांधा बिनरिंगचा राहतो आणि सगळ्यांत आधी जातो. बाहेरची पट्टी बोटाने बसत नाही. ती दाबून बसवावी लागते, आणि क्लिपची खाच पूर्ण उघडी दिसली की तिथेच थांबावे लागते. त्याहून अधिक दाबली तर रिंग चेपतात आणि ती कडी वळताना अडते. क्लिपचे बंद टोक चेन धावण्याच्या दिशेला असावे. वरच्या बाजूची चेन पुढे धावते, त्यामुळे लॉक वर असताना बंद टोक इंजिनाकडे असले पाहिजे. उलटे बसवले तर एखादी फांदी किंवा दगड उघड्या टोकाला लागून क्लिप उडू शकते. रिव्हेट करण्याचा, म्हणजे पिनांची टोके ठोकून फुलवण्याचा लॉक अधिक भक्कम असतो आणि जास्त ताकदीच्या गाड्यांना तोच लावावा. दोनशे सीसीला मात्र मी क्लिपच पसंत करतो, कारण हरसूलच्या घाटात चेन तुटली तर क्लिपचा सुटा लॉक आणि पक्कड यांवर घरी येता येते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ढील. याच ठिकाणी चांगले चांगले मेकॅनिकही डर्ट बाईकच्या बाबतीत चुकतात, कारण त्यांचा हात रस्त्यावरच्या गाड्यांना सरावलेला असतो. डर्ट बाईकचा मागचा शॉकॲब्सॉर्बर खूप खाली-वर होतो. पुढचे स्प्रॉकेट ज्या शाफ्टवर असते तो शाफ्ट चिमट्याच्या सांध्याच्या थोडा पुढे असतो, त्यामुळे चाक वर-खाली होताना शाफ्ट आणि मागचा एक्सल यांतले अंतर बदलत राहते. शाफ्ट, चिमट्याचा सांधा आणि एक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा ते अंतर सर्वांत जास्त असते, आणि म्हणून चेन सर्वांत ताठ असते. स्टँडवर उभ्या गाडीची चेन ‘छान ताठ’ ठेवली, तर पहिल्याच खड्ड्यात ती तारेसारखी ताणली जाते आणि तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. चेन तुटली तर ती बदलता येते. बेअरिंगसाठी इंजिन उघडावे लागते.

म्हणून मी सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा मागच्या चौकटीवरून चाकाभोवती घेतला आणि शॉकॲब्सॉर्बर दाबत गेलो. काका जमिनीवर बसून एका सरळ गजाने तिन्ही बिंदू जुळवत होते. गज तिन्हींवर बसला तेव्हा त्यांनी हात वर केला. त्या स्थितीत खालच्या चेनला मध्यावर साधारण १२ मिलिमीटर हालचाल राहील एवढी ढील ठेवली, मग पट्टा सोडला आणि गाडी स्टँडवर असताना तीच ढील पुन्हा मोजली. ती ४२ मिलिमीटर भरली. पाहणाऱ्याला चेन लोंबते आहे असे वाटेल, पण या गाडीसाठी तेच बरोबर आहे. हा आकडा मी चिमट्याच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवला आहे. पुढच्या वेळी पट्टा बांधायची गरज नाही, स्टँडवर ४२ मोजले की झाले. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा येईल, म्हणून माझा आकडा कोणी उचलू नये. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेली ढील पाहावी आणि एकदा या रीतीने तिचा ताळा घ्यावा.

चाक सरळ आहे की नाही हे पाहताना चिमट्यावरच्या खुणांवर मी विसंबलो नाही. दोन्ही बाजूंनी चिमट्याच्या सांध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत टेपने मोजले, तर खुणांप्रमाणे सरळ दिसणारे चाक दोन मिलिमीटरने तिरके निघाले. चिमट्यावरची रबरी पट्टीही खाली उतरवून पाहिली. जुन्या चेनने तिच्यात एवढी खोल चर पाडली होती की अजून एक पावसाळा गेला असता तर चेन थेट धातू खात बसली असती. ती पट्टी चेनच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्त मिळते. शेवटी एक्सलचा नट पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळला आणि सगळे काम चहा धरून साडेचार तासांत संपले. दुसऱ्या खेपेला दोन तास पुरावेत.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत ही चेन गंगापूर धरणाच्या काठच्या गाळातून, भावलीकडच्या संततधार पावसातून आणि हरसूलच्या मुरमातून गेली आहे. सुमारे ३०० किलोमीटरनंतर ढील ४२ वरून ४७ मिलिमीटर झाली, तेव्हा एकदा आवळली; नवी चेन आणि नवे दात एकमेकांत बसताना एवढे होतेच. त्यानंतर पान्याला हात लावावा लागलेला नाही. जुन्या चेनला पावसाळ्यात दर आठवड्याला आवळावे लागे, हे लक्षात घेतले तर फरक कळेल. गाडी ढकलताना चाक पहिले काही दिवस किंचित जड वाटले, पण चालवताना ताकद कमी झाल्याचे मला जाणवले नाही.

निगा मात्र लागते. आतले ग्रीस बंदिस्त असले तरी रोलर, दात आणि रबरी रिंग यांना बाहेरून तेल हवेच. केरोसीन आता सहज मिळत नाही, म्हणून मी रिंगला चालणारा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश वापरतो. तारेचा ब्रश आणि पेट्रोल दोन्ही रिंगचे नुकसान करतात. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोरदार फवारा चेनवर जवळून मारू देऊ नये. धुतल्यावर चेन कोरडी करून ९० नंबरचे गिअर ऑइल फडक्याने लावतो आणि जास्तीचे पुसून टाकतो. हे करताना चाक नेहमी हाताने फिरवावे. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसण्याची सवय अनेकांना आहे, आणि चेन व स्प्रॉकेटच्या मध्ये गेलेले बोट परत येत नाही. कृपया असे कोणीही करू नये.

या चेनबाबत माझ्या तक्रारी दोनच आहेत. डब्यातले सूचनापत्रक बारीक अक्षरातल्या चित्रांचे आहे आणि त्यात क्लिपची दिशा भिंगाशिवाय कळत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या मालासोबत मराठी-हिंदीत चार ओळी असायला हरकत नव्हती. दुसरे म्हणजे सुटा लॉक वेगळा शोधताना दोन दुकाने फिरावी लागली. तो घेताना चेनच्या पट्टीवर कोरलेले नाव आणि माप लॉकच्या पट्टीवरही तंतोतंत तेच आहे ना, हे पाहूनच घ्यावा, कारण माप ४२८ असले तरी दुसऱ्या चेनच्या लॉकची पिन लांबीला कमी-जास्त निघू शकते.

गेल्या रविवारी चेन धुऊन पुन्हा तीच स्टीलची पट्टी लावली. पहिल्या पिनपासून एकविसाव्या पिनपर्यंत २५४ मिलिमीटर आणि वर जेमतेम अर्धा.